गिरणी थांबायची तेव्हा

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेले काही दिवस धुरीचा वास भरून राहिलाय. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, आणि त्याखाली निखाऱ्याचा तो जरासा कडवट, घशाशी रेंगाळणारा धूर. शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सोलापूरच्या उन्हात आधीच भाजून निघालेली ही इमारत, त्यात दारं-खिडक्या बंद करून ती माउली लेकीला आणि नातवाला शेकत बसते. जिन्यात भेटली की म्हणते, "या की हो बाळ बघायला, किती दिवस झाले!" मी "येते, येते" म्हणते आणि जात नाही. तिला वाटत असेल, बाई तुसडी आहे. आहेच मी तुसडी. पण ह्या बाबतीत तुसडेपणा नाही. तो वास नाकात शिरला की माझे पाय लिफ्टमधून बाहेर पडायच्या ऐवजी तिकडे खाली, अक्कलकोटच्याही पलीकडे, जिथं एका घरात मराठीत भांडण सुरू होऊन कानडीत संपतं, त्या आमच्या गावाकडे वळतात. तिथून जरा पुढं, शिवेपलीकडच्या एका माहेरी, अशीच शेगडी भरून ठेवली होती. ओवा निवडून ठेवला होता, शेपा आणला होता. ती धुरी कधी पेटलीच नाही.

आमचं गाव तसं कुठल्याही नकाशावर बोट ठेवून दाखवावं असं नाही. एस.टी. फाट्यावर सोडते आणि पुढं चालत जायचं. ज्वारी, तूर, कुठं एखादा उसाचा फड, आणि मैलोगणती काळी माती. आजारी पडलं तर अक्कलकोट गाठायचं, आणि अक्कलकोटला हात टेकले तर सोलापूर. मधल्या मध्ये जे व्हायचं ते होऊन जायचं. अशा गावाला सरकारनं आरोग्य उपकेंद्र मंजूर केलं तेव्हा केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! पेढे वाटले. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, तेव्हा पंचायतीत होते. सरकार म्हणालं, इमारत आम्ही बांधतो, जागा गावानं द्यावी. आणि इथं खरी गंमत झाली. गंमत कसली, कर्म!

गावानं जागा द्यायची म्हणजे कुणाची द्यायची? पांदीच्या वाटेला लागून हातभर जमीन सुटली तर सख्खे भाऊ कोर्टात जातात, ते गाव दवाखान्याला जागा देतंय होय! महिनोन्‌महिने पारावर चर्चा झाल्या. शाळेजवळची जागा चांगली होती, पण तिच्यावर एकाचा गोठा होता. वेशीजवळची होती, पण तिथं म्हणे पुढंमागं देवळाचं सभागृह होणार होतं. शेवटी सगळ्यांच्या एकमतानं जी जागा निघाली ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वर, आमच्या रुद्रभूमीला, म्हणजे स्मशानाला, लागून. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तिथं मातीखाली बसलेली आहेत. त्या जागेला कुणी वारस नव्हता, कुणाचा हक्क नव्हता, कुणाच्या डोळ्यांत ती भरत नव्हती. फुकटची गाय आणि तिचे दात कोण मोजणार? पुरुषांनी हात वर केले, ठराव झाला, इमारत उभी राहिली. दर्शनी भिंतीत काळ्या दगडाची पाटी बसली आणि तिच्यात बाकीच्यांबरोबर अप्पांचंही नाव कोरलं गेलं. अप्पांनी त्या पाटीवरून स्वतःचं उपरणं फिरवल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता ही गोष्ट आमच्या गावातली शेंबडी पोरगीसुद्धा तुम्हाला सांगेल की पोटुशी बाईनं रुद्रभूमीची वाट धरायची नसते. त्या बाजूला बघायचंसुद्धा नसतं. शेतावर जायचं झालं तरी लांबचा वळसा घालून जायचं. हे फक्त आमच्या घरचं नव्हतं, गावातल्या सगळ्या जातींच्या बायकांनी हे पाळलेलं, सासूनं सुनेला सांगितलेलं. आणि उपकेंद्र कशासाठी? तर मुख्यतः पोटुशा बायकांसाठी आणि तान्ह्या पोरांसाठी! ज्या वाटेनं त्यांना जायची बंदी, नेमकी त्याच वाटेवर त्यांचा दवाखाना. हा ठराव होताना एका, फक्त एका बाईला विचारलं असतं तरी तिनं तोंडाला पदर लावून हसून सांगितलं असतं. पण पारावर बाई कुठून यायची? आणि घरी येऊन बायकोला विचारावं, तर मग पुरुष कसले! अप्पा घरी आले ते जेवायला बसले, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी वाढत राहिली. जागा कुठं दिली हे तिला पाया खणल्यावर कळलं. तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "तितं? तितं कोण जाईल?" अप्पा म्हणाले, "सरकारी हाय, जातील की."

कुणी गेलं नाही. पहिल्या नर्सबाई कंटाळून बदली करून घेऊन गेल्या. मग बराच काळ कुलूप होतं. व्हरांड्यात शेळ्या बसायच्या. आणि त्यानंतर ती आली.

गाव तिला शिष्टर म्हणायचं. बार्शीकडची होती, थोराड हाडाची, आवाज असा की फाट्यावर बोलली तर वेशीत ऐकू यावा. दातांना मिश्री लावायची आणि ती लावलेली असतानाच लोकांना दात घासा म्हणून सांगायची. कानडीचं तिला अक्षर येत नव्हतं, पण आल्या आल्या पहिली गोष्ट तिनं शिकून घेतली ती कानडीतल्या शिव्या. सुरुवातीला तिनंही त्या इमारतीत बसून पाहिलं. मग दारोदार फिरून बायकांवर खेकसली, "मी काय तितं भुतांची नाडी बघू का गं?" बायका खाली मान घालून हसायच्या आणि जायच्या नाहीतच. तिच्याकडे आसपासच्या वाड्या-वस्त्याही होत्या. रोज घरोघर फिरणं तिला शक्य नव्हतं, आणि घरात गेलं तरी सासू सांगणार, सून ऐकणार, आणि पोटावर हात ठेवायला आडोसा मिळणार नाही. एक दिवस ती स्वतःचं ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेली आणि तिथं तिनं बघितलं, तर गावातल्या झाडून सगळ्या बायका तिथं! पहिलटकरणी, लेकुरवाळ्या, नव्या सुना, सगळ्या डबे ओळीत लावून निवांत गप्पा मारत बसलेल्या.

दळणाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. कुठं चाललीस, का चाललीस, कोण सोबत आहे, हे सगळं विचारणाऱ्या सासवासुद्धा डब्याकडे बघून गप्प बसतात. घरातलं पीठ संपलं म्हटल्यावर नवरा काय नि सासरा काय, सगळ्यांचे ताठे भाकरीपाशी मोडतात. शिष्टरनं हे ओळखलं. गिरणीच्या मागं एक खोली होती, पूर्वी तिथं तेलाचा घाणा होता. तिनं ती मागून घेतली. दाराला जुनं लुगडं लावलं, एक बाकडं टाकलं, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी ती तिथं बसू लागली. ह्याला मोठ्या कागदांवर काहीतरी भारदस्त नाव असेल. आमच्या बायका म्हणायच्या, "दळून येते."

ती खोली मी पाहिली आहे. भिंतींवर पिठाचा थर, जळमटंसुद्धा पांढरी. रक्तदाबाच्या यंत्रावर पीठ, शिष्टरच्या भुवयांवर पीठ. वजन करायचं ते दळणाच्या काट्यावर. बाई उभी राहिली की गिरणीवाला तिकडून ओरडायचा, "दळायचं का नुसतंच वजन?" आणि बायका लाजून लाल व्हायच्या. त्या दिवशी मिरची कांडायला बंदी होती, कारण एकदा तपासणी चालू असताना मिरची कांडली गेली आणि आतली पोटुशी, शिष्टर आणि बाहेरची सगळी रांग अशा शिंकत सुटल्या की गिरणीवाल्यालाच पाणी आणून द्यावं लागलं. पण खरी अडचण गिरणीच्या आवाजाची होती. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला शिष्टरकडे एक कर्णा होता, लहानसा, पोटावर टेकवून त्याला कान लावायचा. जात्याची घरघर चालू असताना त्यातून काय कपाळ ऐकू येणार! मग ती आतून हाक मारायची, "बंद करा हो!" गिरणीवाला मोठा कुरकुऱ्या माणूस. "ओ शिष्टर, सारखं बंद-चालू करून मोटार जळंल माझी. तुमचं सरकार देणार हाय का भरून?" असं म्हणत म्हणतच तो खटका खाली ओढायचा. पट्टा फडफडत मंदावायचा, जातं गुरगुरत थांबायचं, आणि गावावर एकदम शांतता पसरायची.

त्या शांततेची गावाला सवय झाली. गिरणीसमोरच्या कट्ट्यावर एक आंधळी म्हातारी दिवसभर बसलेली असायची. डोळे गेल्यापासून तिचा सगळा दिवस कानांवर चालायचा. गिरणी थांबली की ती हातातली वात वळायची थांबवायची, गिरणीच्या दिशेनं हात जोडायची आणि कुणाला तरी, कुणीच नसलं तर स्वतःला, सांगायची, "ऐकायल्यात बघ." एवढंच. येणारे-जाणारे पुरुषही त्या तेवढ्या वेळात आवाज चढवून बोलायचे नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक होतं आत काय चाललंय ते, आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. गावात जगायचं तर ही कला लागते. मी सोलापुरात इतकी वर्षं राहिले, पण असा एकोपा मला पुन्हा कुठं दिसला नाही. एक अख्खं गाव एका न जन्मलेल्या पोरासाठी जरा वेळ गप्प बसतंय, हे मी बघितलंय हो.

आणि त्या खोलीतच मी तिला शेवटचं हसताना पाहिलं. माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेर शिवेपलीकडचं, कर्नाटकातलं, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे कानडी चालीवर म्हटलेलं गाणंच. मला अक्का म्हणायची. मी नणंद, वयानं मोठी, शहरात राहणारी, जरा जास्तच फटकळ. घरातल्या सगळ्या सुना माझ्यापुढं दबून असायच्या, पण ही पोरगी पहिल्याच सणाला मला म्हणाली, "अक्का, तुमी रागावल्या की लई छान दिसता, नाक वर जातंय." मी थक्कच झाले. त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलं. भाऊ पुण्याला कंपनीत, सणावाराला यायचा. ही सासू-सासऱ्यांत. रात्री सगळं आवरलं की मला फोन करायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची. अव्वाची नक्कल करायची ती इतकी हुबेहूब की मला अव्वाच फोनवर आली असं वाटायचं.

तिला दिवस गेले तेव्हा अव्वाच्या पायाला जमीन लागेना. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं ऐकून तुम्ही अव्वाला कैदाशीण ठरवाल. तशी ती नव्हती. सुनेच्या डोक्याला स्वतः तेल घालायची, तिला आवडते म्हणून शेंगाची पोळी करायची, जड भांडं उचलू द्यायची नाही. फक्त दळणाचा डबा तेवढा उचलू द्यायची, कारण त्यात काय चाललंय हे तिला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. पंचमीला मी माहेरी गेले होते. डबा घेऊन आम्ही दोघी निघालो. लुगड्याच्या आड ती बाकड्यावर आडवी झाली, शिष्टरनं हाक मारली, गिरणी थांबली. शिष्टरनं ठोके ऐकले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, तुमीबी ऐका की." मी वाकून त्या कर्ण्याला कान लावला. आधी काहीच नाही. मग लांबून, लई लांबून, कुणीतरी भाकरी थापतंय असा आवाज. पण किती घाईत! दारात माणसं जेवायला येऊन बसलीत आणि पिठाचा गोळा हातात आहे, अशी धांदल. मी तिला तसं सांगितलं, तर ती पोट हलवून हसली आणि म्हणाली, "भाकरी थापतीया? मग पोरगीच हाय की अक्का!" शिष्टर ओरडली, "हसू नगंस, नीट ऐकू दे तिला." बाहेर गिरणीवाला म्हणत होता, "झालं का वो बायांनो?"

पण काळ्या दगडाच्या पाटीवर ज्यांची नावं होती, त्यांना ही गिरणी डोळ्यांत खुपत होती. गावानं जागा दिली, सरकारनं इमारत दिली, आणि शिष्टर बसते पिठात! शेजारच्या गावचे लोक चिडवायचे, तुमच्या दवाखान्यात शेळ्यांचं बाळंतपण होतं म्हणे. एकदा तालुक्याहून एक साहेब आले. गावात कुणी मोठा माणूस आला की जेवण आमच्या घरी, ही अप्पांची हौस. त्या दिवशी हुग्गी केली होती, गव्हाची खीर, वर तुपाची धार. अप्पांनी जेवता जेवता विषय काढला. "साहेब, आमी जागा दिली, आन् तुमची शिष्टर गिरणीत बसती. ही काय तऱ्हा झाली व्हय?" साहेब काही वाईट माणूस नसावा. कुठल्याही साहेबानं जे केलं असतं ते त्यानं केलं. उद्यापासून इमारतीतच बसायचं, नाहीतर कारवाई होईल, असं शिष्टरला बजावून तो गेला. हे मला भावजयीनं फोनवर सांगितलं. "मी हुग्गी वाढत हुते अक्का. हातातला डाव तसाच ऱ्हायला." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मामांजीसमोर? काय बोलू? मी गिरणीत जाते म्हणून सांगू?" सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत. त्या रीतीच्या हातात त्या दिवशी वाढायचा डाव होता आणि पोटात सातवा महिना.

शिष्टर मुकाट्यानं ऐकणारी नव्हती. पारावर जाऊन तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "बसते तितं. तुमच्या घरच्या बाया पाठिवता का, सांगा!" अप्पा उपरण्याचा पदर बघत बसले. मग ती जाऊन बसली त्या इमारतीत, एकटी. आणि मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गिरणीत बसणारी शिष्टर गावाला आपली वाटायची. आता ती रुद्रभूमीकडून यायला लागली. ती घरी भेटायला आली तरी बायका तिला उंबऱ्याच्या आत घेईनात, निदान पोटुशी असलेल्या घरात तर नाहीच. आमच्या घरीही ती आली होती. अव्वानं तिला बाहेरच्या कट्ट्यावर बसवून चहा दिला. "पाय तिकडून आल्यात तुमचे, राग मानू नका," असं अगदी गोड शब्दांत सांगितलं. शिष्टर म्हणाली, "पाय धुते की. गरम पाणी द्या, साबण द्या, पण पोरीचा दाब बघू द्या." अव्वा म्हणाली, "ती बाळंतपणाला म्हायेरी जाणारच हाय. तितं दाखवंल." दाराच्या आड उभी राहून भावजय हे सगळं ऐकत होती. गोळ्या आणून देणारी गावचीच एक आशाताई होती, ती यायची, पण दाब मोजायचं यंत्र शिष्टरकडे, आणि शिष्टर उंबऱ्याबाहेर.

मग तिच्या पायांवर सूज आली. बायका म्हणाल्या, पहिलटकरणीला येतेच. चेहरा भरला. बायका म्हणाल्या, बघा कसं तेज चढलंय. डोकं दुखायला लागलं, तर अव्वानं कपाळाला सुंठ उगाळून लावली. एका दुपारी तिचा फोन आला, आवाज नेहमीचा नव्हता. "अक्का, डोळ्यापुढं चिलटं नाचायल्यात. डोळे मिटले तरी दिसायल्यात." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उठ आणि शिष्टरकडे जा. ती म्हणाली, "कसं जाऊ? अव्वा सोडणार न्हाईत. तुमी सांगा की." मी अव्वाला फोनवर घेतलं. माझ्या आयुष्यात मी आईशी एवढी कधी भांडले नाही. मी ओरडले, रडले, पाया पडते म्हणाले. अव्वाचं एकच, "पोटुशीला मी त्या वाटंनं पाठिवणार न्हाय. शहरात ऱ्हाऊन तू आमाला अक्कल शिकवू नगंस. दोन दिसांत तिचे भाऊ न्यायला येतील." मी शिष्टरला फोन लावला, तर ती एका लांबच्या वस्तीवर होती. आल्या आल्या आमच्या घरी गेली. दार उघडलं नाही. पोरगी झोपली आहे, सकाळी या, म्हणून आतून सांगितलं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी निघाले. अक्कलकोटला उतरते तोच फोन, तिला झटके आलेत, जीपमधून आणतायत. मी तिथल्या दवाखान्याच्या दारात उभी राहिले. त्यांनी तपासलं, सुई दिली आणि सांगितलं, लगेच सोलापूरला हलवा. मी जीपमध्ये चढले. तिचं डोकं अव्वाच्या मांडीवर, हात माझ्या हातात, आणि त्या हातावरच्या बांगड्या सुजेनं मनगटात रुतलेल्या. अव्वा तिच्या तोंडावरून पदर फिरवत सारखी एकच गोष्ट पुटपुटत होती. "ही गेली असणार गं. आमची नजर चुकवून त्या वाटंनं गेली असणार. बाधा झाली माझ्या लेकराला."

ती गेली नव्हती हो. तेच तर! ती गेली असती तर जीपमध्ये अशी पडली नसती. हे मी अव्वाला त्या क्षणी सांगितलं नाही, कारण वळसंग मागे पडलं होतं आणि माझ्या हातातला हात गार पडत चालला होता. पोटातलं बाळ पोटातच राहिलं. सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला नेलं. आमच्यात माणसाला बसवून नेतात, सजवून, फुलं घालून. रातोरात पुण्याहून आलेल्या भावानं खांदा दिला. डोक्यात मोगऱ्याचा गजरा, कपाळाला विभूती, हिरवी साडी, तिच्याच ओटीभरणीसाठी आणलेली. जिवंत असताना ज्या वाटेनं तिला पाऊल टाकू दिलं नाही, त्याच वाटेनं अख्खं गाव तिला वाजतगाजत घेऊन निघालं. उपकेंद्राच्या दारात शिष्टर उभी होती. तिच्या मागं भिंतीत ती काळी पाटी. मिरवणूक तिथून जाताना अप्पांनी मान वर केली नाही. शिष्टरनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. थोड्याच दिवसांत ती बदली घेऊन गेली. मला फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, मला तुमच्या गावात लई शिकायला मिळालं." ते बोलणं मला अजून काट्यासारखं टोचतं.

नंतर गावानं काय केलं, ते ऐका. रुद्रभूमी आणि उपकेंद्राच्या मध्ये भिंत बांधली. उंच, चांगली पुरुषभर, म्हणजे बायकांना पलीकडचं दिसू नये. अप्पांनीच पुढाकार घेतला. भिंतीलाही पाटी लावली. आता त्या इमारतीला नवा रंग दिलाय, बाहेर हसऱ्या आईचं आणि बाळाचं चित्र काढलंय, आणि वाट मात्र तीच आहे, कारण वाट बदलायची तर कुणाच्या तरी शेतातून न्यावी लागते. ज्यांच्याकडे गाडी आहे ते सुनांना थेट सोलापूरला आणतात. ज्यांच्याकडे नाही त्या अजून डोक्यावर पदर ओढून, भिंतीकडे पाठ करून, कुणी बघत नाही ना हे बघत जातात, किंवा जात नाहीत. गिरणीही गेली, आता घराघरात यंत्रं आली. दळणाचं निमित्तसुद्धा बायकांच्या हातून सुटलं. मागं गेले तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "भिंत बांधली की आता." मी म्हटलं, "व्हय, बांधली." लोक म्हणतात, माफ करावं, म्हातारी माणसं आहेत. करतील माफ, ज्यांना करायचंय ते. मला राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय, कारण तिच्या नावानं त्या गावात दुसरं काहीच ठेवलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. मयत असलं की गावात दुकानं, गिरणी, सगळं बंद ठेवतात. तिला नेलं त्या सकाळी कुणाचं तरी अडलेलं दळण गिरणीवाल्यानं घेतलं होतं. मिरवणूक कोपऱ्यावर आली तसं त्यानं लगबगीनं खटका ओढला. पट्टा फडफडला, जातं गुरगुरत थांबलं, शांतता पसरली. वाजवणाऱ्यांनीही का कुणास ठाऊक, तिथं हात आवरला. आणि त्या शांततेत समोरच्या कट्ट्यावरच्या आंधळ्या म्हातारीनं वात वळायची थांबवली, गिरणीच्या दिशेनं हात जोडले आणि समाधानानं म्हणाली, "ऐकायल्यात बघ."

कुणी तिला काही सांगितलं नाही. आम्ही पुढे गेलो.

शेजारणीकडे घरघंटी आहे. संध्याकाळी ती लेकीसाठी नाचणी का काय दळत असते आणि भिंतीतून घरघर ऐकू येते. ती थांबली की माझा हातही थांबतो, काय करत असेन ते. मग त्या शांततेत वरच्या मजल्यावर कुणीतरी घाईघाईनं भाकरी थापत असल्याचा आवाज येतो. रोजचाच आहे, सोलापूर आहे हे, घरोघरी भाकरी. तरी तो आवाज थांबेपर्यंत मला जागचं हलता येत नाही.